नऊशे वर्षांची वही आणि सात वर्षांचा हिशेब



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाच्या भावाचे, विम्याचे, वीजबिलाचे लिहायचे सोडून गुहेचे काय लिहिता, असे अंकाची जुळवाजुळव चालू असतानाच आमच्या एका सहकाऱ्याने आम्हाला विचारले. त्याचे म्हणणे चूक नव्हते. वावरात पऱ्हाटी सुकत असताना डोंगरातल्या गुहा बघत हिंडणे हे पोट भरलेल्यांचे काम. तरीही या गुहेला जागा द्यायचे आम्ही ठरवले. पावसाची सरासरी, दुष्काळाची घोषणा आणि विम्याची भरपाई या तिन्ही ठिकाणी सरकार आपल्याला ज्या फूटपट्टीने मोजते, ती फूटपट्टीच आखूड आहे. याचा पुरावा एका गुहेत सापडलेला आहे. पुरावा आमचा नाही, शास्त्रज्ञांचा आहे. तो २००७ साली छापून आला आणि तेव्हापासून पडून आहे. मंत्रालयात तो कोणी वाचल्याचे दिसत नाही.

गुहा बस्तरात आहेत. गडचिरोली जिल्हा संपला, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड लागते. तिथून जगदलपूर बरेच आत. जगदलपूरच्या दक्षिणेला कांगेर नावाची नदी डोंगरातून वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना सालवृक्षांचे, सागाचे जंगल आहे. १९८२ साली हे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. वरून जंगल दिसते, पण खालचा सगळा डोंगर चुनखडकाचा, आतून पोखरलेला. कोटमसर, कैलास, दंडक अशा कितीतरी गुहा त्याच्या पोटात आहेत.

मागच्या हिवाळ्यात, दुसरी वेचणी आटोपल्यावर आम्ही चौघे कोटमसरला गेलो. पावसाळ्यात ही गुहा बंद ठेवतात, कारण ती पाण्याने भरते. दिवाळीनंतर पाणी उतरले, वाट मोकळी झाली की वनखाते आत सोडते. तोंड इतके अरुंद की आमच्या तालुक्यातल्या एखाद्या पुढाऱ्याला आत घालायचे तर आधी त्याचे आश्वासनांनी भरलेले खिसे रिकामे करावे लागतील. आता पायऱ्या केल्या आहेत. पूर्वी लोक दोर आणि पलिते घेऊन उतरत. पलित्यांची काजळी अजून छताला आहे. आत उन्हाळा-हिवाळा सारखाच, दमट उबारा. दहा पावलांत घामाने सदरा भिजला. वाटाड्या धुरवा आदिवासी, त्याच्या हातात बॅटरी. त्याने ती एकदा मुद्दाम विझवली. तसला अंधार आम्ही अमावस्येच्या रात्री वावरात पाणी देतानाही पाहिलेला नव्हता.

या गुहेचा 'शोध' कोणी लावला, यावर पुस्तकांत निरनिराळी नावे असतात. धुरव्यांची गावे या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणत्या फटीतून पावसाळ्यात पाणी उसळते, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे त्यांना ठाऊक होते आणि आहे. त्यांच्या माहितीला शोध म्हणत नाहीत, कारण ती कागदावर नव्हती. हे आम्ही रागाने लिहीत नाही. कागदावर नसलेल्या माहितीची किंमत शून्य होते, हा धडा आपल्याही कामाचा आहे आणि त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

कागदावर आणण्याचे काम १९५० च्या दशकात डॉ. शंकर तिवारी या भूगोलाच्या अभ्यासकाने केले. कोणत्या दालनात काय आहे, पाणी कुठून शिरते आणि कुठे साचते, याची त्यांनी नोंद केली. आतल्या डोहांत त्यांना फिकट मासे दिसले. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे बारीक होत जवळजवळ गेलेले. गंमत अशी की शास्त्रज्ञ हा मासा ज्या जातीतला मानत आले, त्या जातीची पहिली नोंद १८७२ साली आपल्या पुण्याच्या माशावरून झालेली आहे. पुण्याच्या नदीत तो डोळस आहे, बस्तरच्या गुहेत आंधळा. तिथल्या रातकिड्याच्या शास्त्रीय नावात पुढे तिवारींचे नाव घातले गेले. पगारवाढीसाठी नाही, बढतीसाठी नाही, एका माणसाने अंधारात उतरून नोंद ठेवली आणि ती सत्तर वर्षांनी लोक वापरतात, एवढे आम्ही ध्यानात ठेवले.

आता मुद्द्यावर येतो.

चुनखडकात गुहा कशी होते? पाऊस पडताना हवेतला आणि मातीतला कार्बनचा वायू पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होते. ते फटीफटीतून खाली झिरपते आणि जाताना चुना विरघळवत नेते. फट रुंदावते, भेग होते, भुयार होते. डोंगराच्या पायथ्याला हेच पाणी झरा म्हणून बाहेर येते. पाऊस चांगला तर झरा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो, पाऊस ओढला तर दिवाळीतच थकतो. आणि जे पाणी गुहेच्या छतातून थेंबथेंब गळते, ते गळताना आपल्यातला वायू सोडते आणि वाहून आणलेला चुना तिथेच ठेवते. घरी हंड्यात पाणी तापवून तापवून बुडाशी पांढरा थर बसतो ना, तसाच. छताला लोंबते ती एक दांडी, आणि थेंब जिथे पडतो तिथे जमिनीतून वर वाढतो तो दुसरा खांब. लोक त्याला पिंडी म्हणतात, कुंकू वाहतात. आमच्या चौघांपैकी दोघांनी हात जोडले, दोघांनी नाही.

या खांबात वर्षावर्षाचे थर असतात. प्रत्येक थर त्या काळच्या पावसाच्या पाण्याने घडवलेला. आणि पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन दोन तऱ्हांचा असतो, एक हलका, एक जड. आपल्या मुलखात पाऊस भरपूर पडला की त्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते, पाऊस कमी झाला की वाढते. तेच प्रमाण थरात कायम होऊन बसते. थर किती जुना, हे कळायलाही युक्ती आहे. पाण्याबरोबर किंचित युरेनियम येते, थोरियम येत नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही. खांबात अडकलेले युरेनियम ठरलेल्या गतीने मोडत मोडत त्याचे थोरियम होते. तेव्हा थरात थोरियम किती जमले ते मोजले की वय निघते. हे घड्याळ तहसीलदाराला मागे-पुढे करता येत नाही.

कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेतला असा एक खांब शास्त्रज्ञांनी नेला. आशिष सिन्हा आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेतले काही, आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले एम. जी. यादव आणि आर. रमेश अशी ही मंडळी. खांब उभा चिरायचा, बुडापासून शेंड्यापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर चिमूटभर भुकटी काढायची आणि एकेक चिमूट तपासायची. असे करत त्यांनी इसवी सन ६०० पासून १५०० पर्यंतचा, नऊशे वर्षांचा, मध्य भारताच्या पावसाचा लेखा मांडला.

आम्ही दंडक गुहेपर्यंत गेलो नाही. कोटमसरच्या खांबांवरून हात फिरवून परत आलो. पण निबंध आम्ही मिळवला, एका प्राध्यापक मित्राकडून वाचून घेतला, आणि समजेपर्यंत त्याला सोडले नाही.

त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्यात पाऊस असा हटला की तो एक-दोन वर्षे नव्हे, दशकेच्या दशके हटला. आणि हिंदुस्थानातले काही अतिभयंकर दुष्काळ त्याच काळातले आहेत. दुसरी गोष्ट मोठी आहे. पर्जन्यमापकांनी मोजलेल्या पावसाचा आपल्याकडचा इतिहास फार तोकडा आहे, आणि मोसमी पाऊस केवढा वरखाली होऊ शकतो याचा अंदाज त्यावरून कमीच येतो, असे या मंडळींनी स्वच्छ लिहिले आहे.

दुर्गादेवीचा दुष्काळ आपण ऐकून आहोत. १३९६ सालापासून सुमारे बारा वर्षे चाललेला, दख्खनची गावेच्या गावे उठवणारा. दामाजीपंतांचा दुष्काळ तर प्रत्येक कीर्तनात येतो. पंधराव्या शतकाच्या मध्याचा तो काळ. मंगळवेढ्याच्या कोठाराची ज्वारी दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाला न विचारता वाटली आणि विठू महार होऊन पांडुरंगाने तिचे पैसे भरले, असे कीर्तनकार सांगतात. त्या कोठारातली ज्वारी कोणाच्या खळ्यावरून आली होती, हे मात्र कीर्तनकार सांगत नाहीत. असो. कथा आपण भाविकपणे ऐकली आणि सोडून दिली. बस्तरच्या दगडात त्याच काळाचा कोरडा थर निघाला. आजोबा-पणजोबांच्या तोंडची गोष्ट शहाण्यांनी दंतकथा म्हणून मोडीत काढली होती, तिला दगडाची साक्ष मिळाली.

आता सरकारची फूटपट्टी पाहा.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने जुळवलेली देशाच्या पावसाची मालिका १८७१ पासून सुरू होते. म्हणजे दीडशे वर्षे. या दीडशे वर्षांत १८७७ आले, १८९९ आले, १९१८ आले, १९७२ आले. माणसे आणि गुरे मारून गेलेली वर्षे, पण सुटी सुटी. दशकभर पाऊस रुसलेला या मालिकेत दिसत नाही. तरी दीडशे वर्षे म्हणजे निदान काहीतरी झाले. पण हवामान खाते ज्याला 'सरासरी' म्हणते, ती दीडशे वर्षांचीही नाही. ती पन्नास वर्षांची. आणि ती बदलत राहते. १९६१ ते २०१० ची सरासरी देशासाठी ८८ सेंटीमीटर होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती १९७१ ते २०२० ची धरली आणि ८७ सेंटीमीटर झाली.

एक सेंटीमीटरने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. देशाच्या आकड्यात बिघडत नाही, आपल्या जिल्ह्यात बिघडू शकते. समजा एखाद्या जिल्ह्याची सरासरी ८०० मिलिमीटर आहे आणि यंदा पडला ६३०. म्हणजे २१ टक्के कमी. खात्याच्या भाषेत १९ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर तो पाऊस 'सरासरीइतका', २० पासून पुढे 'तूट'. तेव्हा हा जिल्हा तुटीचा. आता काही वाईट वर्षे गेली आणि नव्या हिशेबात त्याच जिल्ह्याची सरासरी ७६० झाली. पुन्हा तेवढाच ६३० पडला. आता कमी भरला १७ टक्के. पाऊस तोच, वावर तेच, वाळलेली पऱ्हाटी तीच. पण जिल्हा 'सरासरीइतका'. शास्त्राच्या दृष्टीने सरासरी नवी करणे गैर नाही, हे आम्ही मान्य करतो. हवामानाचा अंदाज द्यायला ती लागते. पण मदत द्यायची की नाही हे ठरवायला तीच घसरणारी सरासरी वापरायची, म्हणजे दुष्काळ जितका मुरेल तितका तो कागदावरून पुसला जाईल.

विम्याचे तर याहून वाईट आहे. पीक विम्यात 'उंबरठा उत्पन्न' नावाची चीज आहे. मागच्या सात वर्षांतली बरी पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे ७० टक्क्यांनी, गुणायचे. यंदाचे उत्पन्न त्याच्या खाली गेले तरच भरपाई. समजा एका मंडळात सात वर्षांत कापूस एकरी ६, ५, ३, ४, २, ३, ५ क्विंटल झाला. बरी पाच वर्षे ६, ५, ५, ४, ३. सरासरी ४.६ आणि उंबरठा ३.२२ क्विंटल. यंदा २ क्विंटल झाला तर भरपाई मिळते. आता दंडकच्या दगडात दिसतो तसा लांब कोरडा काळ आला आणि सात वर्षे ३, २, ३, २, १, २, ३ अशी गेली असे धरा. बरी पाच म्हणजे ३, ३, ३, २, २. सरासरी २.६, उंबरठा १.८२. यंदा पुन्हा २ क्विंटल झाला. भरपाई नाही! तुमचे उत्पन्न उंबरठ्याच्या वर आहे, अभिनंदन, असे कागद सांगणार. आधीच मोडलेल्या माणसाला, तू मोडका आहेस हीच तुझी सरासरी, असे म्हणायचे आणि हप्ता मात्र घ्यायचा.

२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयाचा विमा गेला, कापसाला आपल्या वाट्याचा पाच टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा आला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावर आली. म्हणजे हा उंबरठाच आता सगळे ठरवणार. एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज भरले गेले हे खरे, आणि ते भरणाऱ्यांची तरफदारी आम्ही करणार नाही. पण त्याचा आणि उंबरठ्याचा काही संबंध नाही.

आणि ज्या पावसाने हे सारे ठरते तो मोजतात कुठे? महसूल मंडळात. एका मंडळात पंधरा-वीस गावे. आमच्यातल्या एकाच्या गावी ऑगस्टमध्ये चोवीस दिवस पावसाचा टिपूस नव्हता. पाती गळाली, बोंडे लहान राहिली, ज्वारी गुडघ्याएवढीच निसवली. अर्ज केला तेव्हा उत्तर आले की मंडळात खंड पडलेलाच नाही, अमुक दिवशी ४१ मिलिमीटरची नोंद आहे. नोंद खरी होती. ती तेरा किलोमीटरवरच्या यंत्रात होती. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने आमच्या सहकाऱ्याच्या प्रत्येक एकरावर दीड लाख लिटरांहून जास्त पाणी कागदावर पडून गेले. ते कुठे मुरले ते त्यालाच शोधायचे आहे.

त्याच्याजवळ या उत्तराला उत्तर नव्हते. चोवीस दिवस त्याने मोजले होते ते मनात. धुरव्यांना झरा माहीत होता तसे.

२०२३ साली ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ओरड झाली तेव्हा काही दिवसांतच आणखी शेकडो महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. पावसाळा तर आधीच संपला होता. मधल्या दिवसांत आकाशात काही घडले नव्हते, जे घडले ते मुंबईत. २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरा, उपग्रहावरून दिसणारे पीक, जमिनीतली ओल, पाणीसाठा असे सगळे शास्त्रीय निकष आहेत. निकषांना आमचा विरोध नाही. जुन्या नजरअंदाज पैसेवारीपेक्षा ते बरेच. पण निकष शास्त्रीय आणि निर्णय ओरडीवर, हे कसले शास्त्र?

सरकारला मोजता येत नाही असे मात्र नाही. कोरपना, राजुरा, वणी, झरी या आपल्या तालुक्यांत काळ्या मातीखाली चुनखडक आहे. तिथे कुठल्या शिवारात किती खोलीवर, किती जाडीचा, सिमेंटच्या लायकीचा किती टन दगड आहे, हे भोके पाडून पाडून मोजून ठेवलेले आहे. त्याच शिवारातले झरे कोणत्या महिन्यात आटतात, विहिरींना परसाच्या कोणत्या आड पाणी लागते, याची गाववार वही मागा. भूजल खाते वर्षातून चार वेळा पाणी मोजते, पण ते निवडक निरीक्षण विहिरींचे. राज्यात त्या चार हजारांच्या आसपास आणि गावे चाळीस हजारांवर. खाण सुरू होऊन विहीर आटली की शेतकऱ्याने सिद्ध करायचे की आधी पाणी होते. कशावरून सिद्ध करणार? मेघालयात मावम्लूची गुहा आहे. तिच्यातल्या दगडात ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या कोरड्या काळाची नोंद निघाली, आणि जगाच्या भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली तेव्हापासून आजवरच्या युगाला 'मेघालयन' हे नाव दिले. त्याच मावम्लूत चुनखडी काढून सिमेंट करण्याचा कारखाना कित्येक दशके चालला. दगडाचा भाव टनावर ठरतो, त्यातल्या नोंदीचा कोणी ठरवत नाही.

आता थोडे आपल्याच माणसांना. बैठकीत दर वेळी कोणीतरी म्हणतोच की पूर्वी मृग म्हणजे मृगात पडायचा, हस्त म्हणजे हत्तीसारखा पडायचा, हे सगळे गेल्या काही वर्षांत बिघडले. हवा तापते आहे, त्याने पावसाचा लहरीपणा वाढतो, हे खरेच आहे आणि त्याची झळ कोरडवाहू माणसालाच पहिली. पण पूर्वी सगळे घड्याळासारखे होते, हे खरे नाही. दंडकचा दगड तसे म्हणत नाही. पूर्वी हे असेच, कधी याहून वाईट होते, आणि पुन्हा होऊ शकते. 'पूर्वी चांगले होते' म्हणत राहिलो की सरकारलाही सोपे जाते. हे दोन-चार वर्षांचे संकट आहे, एखादी मदत फेकली की निभावले, असे त्याला म्हणता येते. आमचे म्हणणे उलट आहे. कोरडवाहू मुलखात लांब कोरडा काळ हा अपघात नाही, तो या मुलखाच्या स्वभावात आहे, आणि शेतीचे धोरण तो धरूनच आखले पाहिजे.

दुसरेही सांगून टाकतो. या निबंधाची झेरॉक्स घेऊन तहसीलवर जाऊ नका. दंडकचा दगड मध्य भारताच्या पावसाचे दशकांचे चढउतार सांगतो. तुमच्या शिवारात आश्लेषात किती दिवस खंड पडला, हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. ते काम दगडाचे नाही, आपले आहे.

म्हणून या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. मदत आणि विमा ठरवताना पावसाची सरासरी खाली घसरू देऊ नये. जुनी आणि नवी यांतली जी जास्त, तीच धरावी. उंबरठा उत्पन्न सात वर्षांवर न काढता लांब मुदतीवर काढावे, आणि लागोपाठ दुष्काळ पडले तर ते गोठवावे. प्रत्येक गावात पर्जन्यमापक बसवावा आणि त्याची रोजची नोंद चावडीवर फळ्यावर लिहावी. खाणपट्टा देण्याआधी त्या शिवारातल्या प्रत्येक विहिरीची आणि झऱ्याची बारा महिन्यांची नोंद ग्रामसभेसमोर ठेवावी. ठरावावर वाद होईल, व्हावा. सरासरी गोठवण्यावर आमच्यातच एकमत नाही. आमच्यातला एक म्हणतो की सरासरी चढत्या जिल्ह्यांचे काय. त्याचे उत्तर बैठकीत शोधू.

पण ठरावाची वाट न बघता एक काम करायचे आहे. प्रत्येक शाखेसाठी शंभर पानी वही जिल्हा कार्यालयात आणून ठेवली आहे. जाताना घेऊन जा. पाऊस मोजायला विकतचे यंत्र नसले तर बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा डबा चालतो. तोंड रुंद आणि बूड निमुळते असेल तर तो चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा. डबा उघड्यावर ठेवायचा, झाड किंवा घर जितके उंच त्याच्या दुप्पट तरी लांब. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेलाच, पट्टीने मिलिमीटर मोजायचे, लिहायचे आणि डबा पालथा करून परत ठेवायचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे. ओळ कोरी सोडायची नाही, कारण कोरी ओळ म्हणजे खंड होता की मोजणारा लग्नाला गेला होता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. महिन्याच्या एक तारखेला गावातल्या दोन विहिरींचे पाणी दोर सोडून मोजायचे, आणि शिवारात झरा असेल तर तो वाहतो की नाही एवढे लिहायचे. मोजणाऱ्याची सही, शेजारच्या एकाची साक्ष. शाळेत जाणाऱ्या पोरीबाळींनी हे काम हाती घेतले तर फार चांगले. त्यांची अक्षरे आपल्यापेक्षा वाचता येतात.

वही सुरू करायचा दिवस ७ जून. दिवाळीनंतरच्या बैठकीला प्रत्येक शाखेने आपली वही घेऊन यावे. मंडळाच्या यंत्राचे आकडे आम्ही काढून आणू आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचू.